गणपतीमागचा गिटारबुवा

गिटारबुवाच्या पहिल्या कॅसेटच्या कागदावर तो समुद्राकाठी वाळूत खुर्ची टाकून बसलेला आहे. मांडीवर गिटार आणि पायांत काळे बूट. माझ्या सासूबाईंनी चष्मा वरखाली करून तो फोटो बघितला आणि पहिलंच वाक्य बोलल्या, "वाळूत बूट घालून कोण बसतं गो? ह्याला घरात कोणी सांगणारं नाही वाटतं." त्यांचं माहेर भाट्याचं, जन्म वाळू तुडवण्यात गेलेला, म्हणून त्यावर कोणी बोललं नाही. पण तो वाजवतो कसा हे ऐकायच्या आधीच आमच्या घरात त्याची दया यायला लागली होती, एवढं खरं.

हे सगळं ऐंशीनंतरच्या वर्षांतलं. आमचं गाव रत्नागिरीपासून एसटीनं फार लांब नाही, पण मधे खाडी आणि घाटी असल्यामुळे लांब वाटायचं. माझे धाकटे दीर, मी त्यांना भावजी म्हणायची, मालाच्या बोटीवर होते. आज सिंगापूर, तर पुढच्या निरोपात जपान. आमचे हे गावच्या भजनी मंडळाचे बुवा. कोकणात बुवा म्हटला की तोच गातो आणि तोच पेटी वाजवतो. आमच्याकडे मात्र गळा ह्यांचा आणि बोटं भावजींची. दोन भाऊ मिळून एक बुवा. भावजी गणपतीला रजा काढून यायचे म्हणजे यायचेच. त्या वर्षी बोट कुठेतरी अडकली, आणि त्यांच्याऐवजी श्रावणात त्यांचा एक सोबती आला, गुहागरकडचा. हातात खोकं. खोक्यात टेपरेकॉर्डर, तीन कॅसेटी, आणि तोंडी निरोप असा की, दादाला म्हणावं ह्या माणसाचं ऐकून ठेव, मी आलो की असंच वाजवणार.

हे ओटीवर बसले होते. म्हणाले, "आलो की म्हणजे? गणपती काय बोटीची वाट बघत थांबणार आहेत?"

सोबती बिचारा चहा पिऊन निघून गेला. त्याला कुठं ठाऊक, आमच्या घरावर काय वेळ आली होती ती!

त्याचं असं होतं. गावकर म्हणजे आमच्या गावचे मानकरी. गणपतीच्या पहिल्या दिवशी दिवेलागणीला त्यांच्या घरी जे भजन होतं, तो पहिल्या भजनाचा मान. तो माझ्या सासऱ्यांपासून आमच्या मंडळाकडे. पण रीत अशी, की भजन सुरू झालं की शेवटचा गजर होईपर्यंत ते बंद पडता कामा नये. पडलं, तर पडवीत बसलेल्या दुसऱ्या मंडळानं पुढं यायचं, आणि मग तो मान कायमचा त्यांचा. आणि दुसरी रीत अशी, की एका मंडळाचं भजन चालू असताना दुसऱ्या मंडळातल्या कोणी गायला तोंड उघडायचं नाही. उघडलंच, तर तो त्या भजनाचा झीलकरी झाला. झीलकरी म्हणजे मागून सूर उचलणारा. मग त्यानं मुकाट आत येऊन टाळ घ्यायचा, मानाचं नाव काढायचं नाही. खालच्या वाडीचे बुवा दर वर्षी आपली पेटी कापडात गुंडाळून त्या पडवीत येऊन बसायचे, आमचं बंद पडायची वाट बघत. माणूस वाईट नव्हता हो. फक्त वाट बघायचा.

आणि आमच्या ह्यांचं म्हणाल तर गळा खणखणीत, पण पेटीचा आधार नसला की सूर गुरासारखा सुटायचा. एका घरात अभंग सुरू करायचे आणि शेजारच्या परड्यात जाऊन संपवायचे. पेटी वाजवणारा गावात दुसरा एकच, तो म्हणजे खालच्या वाडीचे बुवा. म्हणजे झालंच! वडिलांकडून आलेला मान ह्यांच्या हातून जाणार हे ह्यांनी जवळजवळ ठरवूनच टाकलं होतं. जेवण उतरेना. माझ्या हातची तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, आमटी समोर, आणि हे भाताला बोटानं रेघा ओढतायत.

कॅसेटी मीच लावायला सुरुवात केली. घरात कोणी लावीना, आणि मला चुलीपुढं सोबत हवी होती. आता माझा नातू सांगतो, की आजी, ह्या प्रकाराला स्मूथ जॅझ म्हणतात. म्हणत असतील. मला विचाराल तर तो माणूस गिटार वाजवायचा म्हणजे पावसात शेताच्या मेरेवरून, म्हणजे बांधावरून, चालणाऱ्या जाणत्या बाईसारखा. पाऊल टाकायचं, ते ठरलं की मगच दुसरं. घाई नाही, घसरणं नाही, आणि आपण किती छान चाललो हे वळून बघणं नाही. एक ओळ वाजवायचा आणि थांबायचा. मागं ते दुसरे लोक आपलं मंद मंद चालू ठेवायचे, आणि हा गप्प. मला वाटायचं, चहा प्यायला गेला असेल. मग सावकाश येऊन पुढची ओळ.

तीन कॅसेटींत तीन तऱ्हा होत्या. पहिली ती बूटवाली. तिच्यात तो आणि दोन-चार जण, कोणी कोणाच्या अंगावर येत नाही. दुसरीच्या कागदावर मोठ्या शहरातले दिवे, आणि हा एका खांबाला टेकलेला. त्या कॅसेटीत त्याला चार पैसे मिळाले असावेत. पाठीमागं नाना तऱ्हेचे आवाज, घंटा, वारा, काचेवर टिचकी मारल्यासारखं काही. गिटार तेवढीच, पण घर भरलेलं. तिसरीत मिशी गेली, केस वाढले, आणि एक सॅक्सोफोनवाला आला. हे वाद्य म्हणजे सनईला सर्दी झाल्यावर जसं वाटेल तसं. पहिल्या गाण्यात पाहुण्यासारखा आला, दुसऱ्यात जरा जास्त बसला, आणि मग उठेचना. गिटारबुवा आपली ओळ संपवून जागा सोडतो, की हा घुसलाच. सासूबाई म्हणाल्या, "मेव्हणा असणार त्याचा. नाही म्हणता येत नसेल." मला ते इतकं पटलं, की आजही मी तिसरी कॅसेट ऐकताना त्या माणसाच्या बायकोवर रागावते.

पण सासूबाईंचा खरा राग दुसऱ्याच गोष्टीवर. ह्या गिटारबुवाचं गाणं संपायचं नाही. ते बारीक होत होत निघून जायचं. आमच्या भजनाचा शेवट कसा, गजर चढत जातो, टाळ अंगात येतात, कौलं हलतात, आणि मग एकदम थांबतं. इथं हा वाजवता वाजवताच लांब जायला लागायचा, आणि सासूबाई हातातली भाजी निवडायची टाकून टेपरेकॉर्डरला कान लावायच्या. "कुठं गेला गो तो? येतो म्हणून सांगितलंन पण नाही! सांगून जायची रीत नाही का त्यांच्यात?"

एके दिवशी हे जेवताना अचानक रेघा ओढायचे थांबले. म्हणाले, "ती ओळ परत लाव."

मी लावली.

"हा माणूस जागा सोडतोय," हे म्हणाले. "म्हणजे कोणासाठी तरी सोडतोय. साथ करतोय हा. गाणारा आलाच नाहीये त्याचा!"

आणि खरंच हो. आमच्याकडे पेटीवाल्यानं ओळ वाजवून जागा सोडली, की ती गळ्यानं उचलायची. दुसरा अर्थच नाही त्याला. परक्या देशातला एवढा मोठा वाजवणारा, तीन कॅसेटीभर जागा सोडून बसलाय आणि त्याचा बुवा येत नाही, ह्या गोष्टीनं ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. उष्ट्या हातानं उठले आणि त्या जागेत अभंगाची ओळ टाकलीन. बसली. चपखल बसली! पट्टी जरा उंच होती, म्हणून चवड्यांवर उभं राहावं लागत होतं, एवढंच.

तेव्हापासून आमच्या ओटीवर तालीम. मंडळ जमलं, टाळ आले, मृदंगवाले काका आले. हे काका आमच्या शेजारचे, चाळीस पावसाळे मृदंगाला कणीक लावलेली. त्यांनी दोन गाणी ऐकली आणि मृदंग मांडीवरून खाली ठेवला.

"बुवा, मागं तो ताल कोण धरतोय?"

"असेल कोणी त्यांच्यातला."

"थकत नाही, चुकत नाही, तंबाखू मळायला थांबत नाही. माणूस नव्हे तो. मी भुताबरोबर वाजवायचा नाही."

त्यांची समजूत घालायला मला घावन करावे लागले. मग वाजवायला लागले, पण दर गाण्याला त्या तालवाल्याला शिवी ठरलेली. "दम खा रे मेल्या!"

मोठी अडचण गाण्याच्या शेवटाची. गिटारबुवा बारीक व्हायला लागला, की आमचं सगळं मंडळ त्याच्यामागून बारीक व्हायचं. पिढ्यान् पिढ्यांची सवय, पेटी जाईल तिकडं जायचं. टाळ कुजबुजायला लागायचे, झील ओठांतल्या ओठांत, आणि शेवटी ओटीवर दहा-बारा दांडगे बाप्ये श्वास रोखून बसलेले, जसं कोणाचं तान्हं झोपवतायत. हे ओरडायचे, "त्याच्यामागून जाऊ नका रे! तो गेला तर जाऊ दे! काका, तुम्ही तेवढ्यात मृदंग जोरात धरा, ही कॅसेट उलटी करील." ही म्हणजे मी. कुठल्या गाण्यात तो कुठं थांबतो, कधी जातो, हे मलाच पाठ होतं. माझ्या आमटीची उकळी त्याच्या दुसऱ्या गाण्याला यायची, आणि भात तिसऱ्याला.

तर असं ठरलं, की मी टेपरेकॉर्डर घेऊन गणपतीच्या मागं बसायचं. उघड्यावर ठेवला असता तर खालच्या वाडीला हसायला वर्षभर पुरलं असतं.

गणपतीच्या पहिल्या दिवशी दुपारीच, घरची माणसं जेवून लवंडली तेवढ्यात, मी गावकरांच्या घरी मखराच्या मागं जाऊन बसले. मखर आणि भिंत ह्यांच्यात एक पाट मावेल एवढी जागा. डोक्यावर माटवी, म्हणजे गणपतीवर टांगतात ती रानातली फळं, पानं, कवंडळं. त्यातली एक काकडी सारखी माझ्या अंबाड्याला लागत होती. मांडीवर टेपरेकॉर्डर, त्यात दुसरी कॅसेट, शहरातल्या दिव्यांची, कारण तीच ह्यांच्या गळ्याला बसत होती. वीज गेली तर म्हणून रत्नागिरीहून नवे सेल आणून घातलेले. झिरमिळ्यांच्या कागदातून मला पुढचं सगळं दिसत होतं. गावकर खांबाला टेकून, दम्यानं वाकलेले. सासूबाई बायकांत. आणि पडवीत खालच्या वाडीचे बुवा मंडळासकट, पेटी मांडीशी, वाट बघत.

ह्यांनी डोळे मिटले, चवड्यांवर उभे राहिले आणि खोकले. ती खूण. मी बटण दाबलं.

गणपतीच्या मागून गिटार सुरू झाली. अगो बाई, काय सांगू! गावकरांनी आधी हात जोडले आणि मग विचारलं, "कोण वाजवतोय?" ह्यांनी गणपतीकडं बोट दाखवलं. खोटं नव्हतं, आवाज तिकडूनच येत होता. आणि जागा आली तशी ह्यांनी ओळ उचलली, मंडळानं झील दिली, काकांनी शिवी घालून मृदंग धरला. गाणं असं सावकाश चाललं, की दरवर्षी टाळ्या वाजवताना दम लागून मधेच थांबणारे गावकर त्या दिवशी शेवटपर्यंत टाळ्या वाजवत राहिले. "हे बरं आहे," ते मोठ्यानं म्हणाले, "भजन म्हाताऱ्यांचा विचार करून चाललंय."

एक गाणं गेलं, दोन गेली. दोन गाण्यांमधला वेळ काकांनी मृदंगावर छान धरला. मग आलं त्या बाजूचं शेवटचं. मला ठाऊक होतं, हे फार लांबवर जाऊन बारीक होतं. गिटारबुवा निघाला. आणि मी बघते तर काय, काका त्याच्यामागून निघाले! ज्या तालवाल्याला शिव्या दिल्या त्याचंच बोट धरून निघाले. मृदंग बारीक, टाळ बारीक, ह्यांचा गळा बारीक. अख्खं मंडळ एकमेकांकडं न बघता हळूहळू निघून गेलं, आणि गावकरांच्या घरात निरांजनाची वात ऐकू येईल इतकं शांत झालं.

पडवीत खालच्या वाडीचे बुवा उठले. कापड सोडलं, पेटी उचलली. "बंद पडलं," म्हणाले. आवाजात आनंद नव्हता, घाबरल्यासारखेच वाटले. इतकी वर्षं वाट बघितल्यावर माणूस घाबरणारच.

ह्यांचा चेहरा मला झिरमिळ्यांतून दिसत होता. वडिलांच्या जागेवर उभा असलेला माणूस, अजून चवड्यांवरच, खाली यायचं विसरलेला. मी कॅसेट काढली, उलटी केली, आणि झाकण लावलं. ते 'खट्' म्हणून वाजलं. त्या शांततेत ते केवढं वाजलं म्हणता!

गावकरांनी पडवीकडं हात वर केला. "थांब. आतून खट् झालं."

"म्हणजे काय गावकरांनु? भजन थांबलं की नाही?"

"भजन थांबलं नाही. जरा लांब गेलं होतं. मी त्याच्याबरोबरच होतो." गणपतीकडं बघून म्हणाले, "येतंय बघ."

आणि आलं. दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं म्हणजे माझं सगळ्यांत आवडतं. त्यात तो एक ओळ वाजवतो, दारातून कोणी "काय चाललंय?" विचारावं तशी, आणि थांबतो. उत्तर येईपर्यंत थांबतो. उत्तर नाही आलं की तीच ओळ परत, तितक्याच मायेनं. ओळ झाली. जागा आली. ह्यांनी तोंड उघडलं, पण आवाजच नाही. जागा रिकामी गेली. परत ओळ. परत जागा. मंडळ ह्यांच्याकडं बघतंय, हे काकांकडं बघतायत, काका मृदंगाकडं. ती रिकामी जागा घरात अशी येऊन बसली, की बायकांतसुद्धा चुळबुळ सुरू झाली. जेवायला पान मांडून ठेवलंय आणि पाहुणा बसत नाही, तशी. मला मागं वाटायला लागलं, आता मीच गाते.

आणि कोणीतरी गायलं. खणखणीत, सुरात, नेमकं त्या जागेत. पेटीचे स्वरसुद्धा आले बरोबर.

पडवीतून.

खालच्या वाडीचे बुवा उभ्याउभ्याच पेटी पोटाशी धरून, डोळे मिटून गायले होते. ओळ पुरी झाल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि तोंडावर हात ठेवला. पण तोंडावर हात ठेवायला उशीर झाला होता.

"कोण गायलं रे?" गावकर म्हणाले. त्यांना चांगलं ठाऊक होतं.

"मी नाही. म्हणजे... ते आपोआप आलं."

"आपोआप आलं, पण तुझ्याच तोंडातून आलं ना? तू झील दिलीस. चल, आत ये."

"अहो, तो जागा सोडून बसलाय! किती वेळ बघत बसायचं माणसानं?" बुवा रडवेले झाले होते. "तुमच्यातलं कोणी उचलीना! मेल्यांनु, साथीदाराला असं ताटकळत ठेवतात?"

हे म्हणाले, "या बुवा. माझा घसा गेलाय."

आणि ते आले. पेटीसकट आले, मागून त्यांचं मंडळ आलं, आणि ते ह्यांच्या शेजारी बसले. एकदा पेटी मिळाल्यावर ह्यांचा सूर खुंटीला बांधल्यासारखा जागेवर आला, टाचा खाली टेकल्या, आणि भजन जे उसळलं ते गजरापर्यंत. दोन वाड्यांचे टाळ एका घरात. त्या गोंधळात गिटारबुवाचं कोणाला ऐकू येत होतं! तरी मी त्याला एकदम बंद केलं नाही. आवाजाचं बटण सावकाश फिरवलं, त्याच्या पद्धतीनं जाऊ दिलं. गजर झाला. मान राहिला. ह्यांनी गणपतीपुढं डोकं टेकलं ते कितीतरी वेळ वर केलं नाही.

गावकरांकडं पहिल्या भजनाचे दोन नारळ देतात, असोले, सालीसकट, त्यांच्याच आगरातले. एक गळ्याला, एक बोटांना. गळ्याचा ह्यांना दिला. बोटांच्या नारळासाठी खालच्या वाडीच्या बुवांनी सवयीनं हात पुढं केला.

"तू झीलकरी," गावकर म्हणाले. "सुरुवातीपासून बोटं कोणाची होती? त्याला बाहेर आणा."

मग काय करणार! मी मखराच्या मागून टेपरेकॉर्डर घेऊन बाहेर आले, डोक्यात माटवीची पानं. हसतील असं वाटलं होतं. कोणी हसलं नाही. गावकरांनी टेपरेकॉर्डर नीट बघितला, त्याला कुंकू लावलं आणि नारळ त्याच्यापुढं ठेवला.

घरी आल्यावर मी तो नारळ खिरीला फोडायला घेतला, तर सासूबाईंनी हातातला कोयता काढून घेतलान. "परक्याच्या कष्टाचा नारळ आहे तो. त्याला कळवा, येऊन घेऊन जा म्हणावं." भावजींना निरोप गेला. भावजींचा उलटा निरोप आला, की मी त्या माणसाला ओळखत नाही, तो लांब अमेरिकेत असतो, नारळ खाऊन टाका.

"ओळखत नाही?" सासूबाई म्हणाल्या. "मग त्याच्यासारखं वाजवणार कसा हा?"

नारळ पडवीच्या कोपऱ्यात तसाच राहिला. कोणी त्याला हात लावीना. शिमग्याला भावजी आले तेव्हा त्याला हातभर कोंब आलेला. भावजींनी आल्याआल्या पेटी काढून गिटारबुवासारखं वाजवून दाखवलं, जागा सोडून सोडून. पण हे, काका, आणि आता नेहमी येऊन बसणारे खालच्या वाडीचे बुवा, तिघांनी मिळून त्यांना एकही जागा रिकामी ठेवू दिली नाही. शेवटी भावजी वैतागून उठले, कुदळ घेतलीन आणि विहिरीजवळ खड्डा मारून तो कोंब लावलान.

माड उंच झाला. बाकीच्या माडांना पोय, म्हणजे फुलोरा, आली तरी ह्याला येईना, सासूबाई म्हणायच्या असू दे, त्याला घाई नसते. मग धरायला लागला. आता नारळ पाडायला जो गडी येतो तो नवीन आहे. सगळे माड झाले की विहिरीजवळ जाऊन मला हाक मारतो, "काकी, गिटारबुवाचे वेगळे ठेवू ना?"

"वेगळे ठेव," मी म्हणते. "त्याचे आहेत ते."